अकरा पुस्तकांची सासू

जपान समजून घ्यायचा असेल तर काय वाचावं, असं आता लोक मला विचारतात. आमच्या कॉलनीत मी जपानची तज्ज्ञ मानली जाते. मागच्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई वही-पेन घेऊन आल्या. त्यांच्या जावयाची तिकडे बदली झाली आहे. मी त्यांना चहा दिला, घसा साफ केला आणि यादी सांगायला तोंड उघडलं, तर आतल्या खोलीतून आमचे हे खो खो हसले. त्या बिचाऱ्या बाईंना काही कळलं नाही. मीही त्यांना सांगितलं नाही, कारण इज्जतीचा प्रश्न होता. तुम्हाला सांगते.

तीस वर्षं मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला. या धंद्यात एक रोग जडतो. पुस्तकात वाचलं म्हणजे कळलं, असं वाटायला लागतं. आणि कळलेलं लगेच कुणाला तरी शिकवल्याशिवाय अन्न पचत नाही. रिटायर झाल्यावर रोग तसाच राहिला, वर्ग मात्र गेला. समोर उरले फक्त आमचे हे. ते वीज खात्यातून रिटायर झालेले, मूळचे कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातले, आणि त्यांच्यावर आजवर कोणत्याही पुस्तकाचा परिणाम झालेला नाही.

आमचा मुलगा नोकरीसाठी जपानला गेला आणि तिथलीच मुलगी करून बसला. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण तो महिनाभरही टिकला नाही. मुलगी गोड आहे. दोन वर्षांपूर्वी स्वागत समारंभाला दोन दिवस नागपूरला आली होती, पण चारशे माणसांच्या गर्दीत तिच्याशी चार शब्द बोलायची फुरसत मला मिळाली नाही. त्यानंतर सगळं फोनवर. ती पडद्यावरून हात हलवायची, मी इकडून हात हलवायची, आणि मग दोघी मुलाच्या तोंडाकडे बघत बसायचो.

दिवाळी झाल्यावर मुलाचा फोन आला. सुनेला चौथा महिना लागला होता.

"आई, इकडेही पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात. पण हिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. वडील एकटेच असतात, त्यांना स्वतःपुरता भातही लावता येत नाही." मग म्हणाला, "ती विचार करते आहे, नागपूरला यावं का. आधी आठ दिवस राहून बघेल, मग ठरवेल. तू तिला काही विचारू नकोस हं. तिचं तिला ठरवू दे."

मी देवापुढे साखर ठेवली आणि मग बसून रडले. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. माझं बाळंतपण सासरी झालं, आणि त्या सव्वा महिन्यात भिंतीकडे तोंड करून मी किती रडले ते माझं मला माहीत. या पोरीचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. तिनं यायलाच पाहिजे होतं, माझ्याकडे, माझ्या घरात. त्यासाठी आठ दिवसांची परीक्षा पास व्हायची होती. आणि परीक्षा म्हटली की मी अभ्यासाला बसते.

समोरच्या घरात एक रिटायर प्रोफेसर राहतात. ते एकदा नऊ दिवसांच्या सहलीवर जपानला जाऊन आले आहेत आणि त्या नऊ दिवसांवर गेली नऊ वर्षं बोलत आहेत. त्यांना मी यादी मागितली. दुसऱ्याच दिवशी सुवाच्य अक्षरात कागद आला: 'जपान : संस्कृती व इतिहास. शिफारस केलेले वाचन.' अकरा पुस्तकं! काही मराठी, बाकी इंग्रजी. तीन त्यांनीच दिली, दोन लायब्ररीत सापडली, उरलेली घरबसल्या मागवली. मी दोनशे पानी वही आणली, तिला कव्हर घातलं आणि समास आखला.

इतिहासाचं पुस्तक म्हणजे माझ्या घरचा मामला. आठवडाभरात कामाकुरा, मुरोमाची, एदो या राजवटी घडाघडा पाठ. कोणत्या सरदारानं कोणाला कसं हरवलं, राजा असूनही राज्य दुसरेच कसे चालवत होते, सगळं. दोनशेहून जास्त वर्षं त्या देशानं बाहेरच्यांना दारं जवळपास बंदच ठेवली होती, हे मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मंग त मजा होती. पाहुणे नाही, काही नाही."

दुसरं पुस्तक घराच्या सजावटीचं. त्यात लिहिलं होतं की त्यांच्याकडे सौंदर्य रिकाम्या जागेत असतं. आमच्या हॉलमध्ये तसं सौंदर्य बिलकुल नव्हतं. शोकेसमध्ये निरोप समारंभात मिळालेली तीन घड्याळं, काचेचे मोर, प्लास्टिकची फुलं, ह्यांची कॅरमची ढाल. सगळं काढून माळ्यावर टाकलं. सोफ्याची क्रोशाची कव्हरं काढली. टेबलावर एक मातीचं भांडं ठेवून त्यात कडुनिंबाची एकच काडी, तिरकी. संध्याकाळी हे फिरून आले आणि दारातच थबकले. "काय वं, घर विकून राहिलो का आपण?" सकाळी कामाला येणारी मावशी आली ती तर थेट कपाळावर हात मारून, "चोरी झाली का जी?" असं विचारू लागली.

तिसरं चहाचं. चहा घेताना शांतता पाळतात, भांड्याकडे पाहतात, मनात कृतज्ञता आणतात. ह्यांची बशी मी बंद केली. बशीत ओतून फुर्रर्र करून चहा पिणाऱ्याला कृतज्ञता येत नाही, असं मी त्यांना सुनावलं.

आणि चौथं, ज्यानं माझा घात केला, ते शिष्टाचाराचं. नमस्कारासाठी किती अंशात वाकायचं याच्या त्यात आकृत्या होत्या. मी आरशापुढे तीस अंशांचा सराव सुरू केला. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. "खाली काय शोधून राहिली वं? चष्मा पडला का?" हे म्हणाले, आणि खरंच वाकून फरशीवर शोधू लागले. त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं की अंगाला हात लावू नये, खाजगी विचारू नये, आणि जपानी माणूस सहसा तोंडावर 'नाही' म्हणत नाही. यावर मी वहीत लाल शाईनं माझं स्वतःचं भाष्य लिहिलं: 'म्हणजेच, जर कधी नाही म्हणालाच, तर ते पक्कं समजावं. आग्रह करू नये.' खाली दोन रेघा मारल्या. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश झाले की पुस्तक तिथेच मिटून ठेवलं आणि पुन्हा वाकायला गेले.

डिसेंबरात दोघं आली. विमानतळावर मी तीस अंशात वाकले. नेमकी त्याच क्षणी ती माझ्या पाया पडायला वाकली, कारण मुलानं तिला तसं शिकवून आणलं होतं. आमची डोकी टक्कन आपटली. "आलंच का युद्ध!" हे म्हणाले. मी डोळे वटारले आणि ते गप्प झाले. पुढचे सहा दिवस मी त्यांना असंच डोळ्यांनी गप्प ठेवलं.

गाडीत मी तिला राजवटींचा क्रम म्हणून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि इंग्रजीतून म्हणाली, "आई, तुम्हाला किती येतं! मी तर शाळेनंतर सगळं विसरले." मी लाजले. मला वाटलं, पहिला पेपर चांगला गेला.

पहिल्या जेवणाला मी जीव ओतला होता. गावाहून वांगी आणि तुरीच्या ओल्या शेंगा आल्या होत्या. भरीत, ज्वारीची भाकरी, सोलेभात, कढी. पण पुस्तकात होतं की ते लोक लहान लहान भांड्यांतून थोडं थोडं खातात, म्हणून मी घरातल्या सगळ्यात लहान वाट्या काढल्या. म्हणजे लोणच्याच्या. त्यात चमचाभर भरीत, दोन घास सोलेभात, भाकरीचा चतकोर. तिनं दोन मिनिटांत सगळं चाटूनपुसून संपवलं. मी मंद आवाजात विचारलं, "आणखी घेतेस?"

ती हसली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "नको."

आता बघा! जपानी माणूस आणि तोंडावर नको! मी पातेल्यावर झाकण ठेवलं. तिनं झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी सुसंस्कृत हसले. ह्यांनी डाव उचलला आणि तिच्या ताटाकडे वळले, तर मी असे डोळे केले की तो डाव हवेतूनच परत फिरला.

"अवं, वाढ ना तिले," हे स्वयंपाकघरात येऊन कुजबुजले.

"त्यांच्यात चालत नाही."

"भुकेचं काय चालत नाही?"

"तुम्ही वाचलंय का काही?" असं म्हणून मी त्यांचं तोंड बंद केलं.

असे सहा दिवस गेले. रोज लोणच्याच्या वाट्या, रोज एक प्रश्न, रोज एक 'नको', रोज झाकण. चहाच्या वेळी आम्ही तिघं कडुनिंबाच्या काडीकडे बघत चूप बसायचो. मुलाला मिहानमध्ये कंपनीचं काम होतं, तो सकाळी जायचा आणि जुन्या मित्रांबरोबर तर्री-पोहे हाणून संध्याकाळी उगवायचा, त्याला काही कळायचं कारण नव्हतं. तिला कसं वाटतं, पाय सुजतात का, आईची आठवण येते का, काय खावंसं वाटतं, हे सगळं माझ्या जिभेवर यायचं आणि मी गिळायची. मुलानं विचारू नको म्हटलं होतं, पुस्तकानंही तेच म्हटलं होतं. तिच्या केसांना तेल लावावं म्हणून हात शिवशिवायचे. मी ते मांडीवर ठेवून बसायची. मला वाटायचं, काय सासू आहे मी! हिला टोकियोतसुद्धा अशी मिळाली नसती.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलगा स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. लहानपणी कमी मार्क पडले की असाच उभा राहायचा.

"आई, ती म्हणते तिकडेच करू बाळंतपण. हॉस्पिटल बघून ठेवलंय."

माझ्या हातातली कणिक तशीच राहिली. "का? काय झालं?"

"काही नाही. तिला वाटतं तुम्हाला जड जाईल. घरात कुणी बोलतच नाही म्हणे. बाबा काही बोलायला जातात तर तू डोळे वटारतेस. तिला वाटतं तिच्यावरून तुमचं भांडण झालंय."

"बरं," मी म्हणाले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पदर तोंडात धरून रडले. अकरा पुस्तकं, दोनशे पानी वही, धरलेली कंबर, आणि निकाल काय? नापास. तेही तोंडी परीक्षेत, जिथे मी कधी एक शब्द बोललेच नाही.

सातव्या दिवशी सकाळी मुलगा कामाला गेला. मावशी सुनेच्या खोलीचा केर काढून बाहेर आली आणि सुपली माझ्या नाकासमोर धरली. त्यात बिस्किटांचे रिकामे पुडे होते. एक नाही, दोन नाही, सात.

"पलंगाखाली होते जी. मॅडम, तुमी तिले जेवाले देत नाही का? दोन जिवाची पोर उपाशी राहून राहिली. काहून जी असं करता?"

मी त्या सुपलीकडे बघत उभी राहिले. आणि माझ्या बथ्थड डोक्यात हळूहळू उजेड पडायला लागला. मी स्वतः कुणाकडे जेवायला गेले तर पहिल्यांदा काय म्हणते? नको. दुसऱ्यांदा? नको हो, खरंच नको. तिसऱ्यांदा ताट पुढे करते. आख्खा विदर्भ असाच जेवतो! एकदा विचारून झाकण ठेवणाऱ्या बाईला आमच्याकडे काय म्हणतात, ते मला चांगलं माहीत आहे. आणि ती बाई मी झाले होते, माझ्याच घरात, माझ्याच सुनेच्या बाबतीत. त्या शिष्टाचाराच्या पुस्तकातही हे होतं: पहिला नकार हा शिष्टाचार असतो, यजमानानं पुन्हा विचारावं अशी अपेक्षा असते. सातव्या प्रकरणात, ठळक अक्षरात. मी नंतर वाचलं. मी सहाव्यातच थांबले होते. अर्धवट वाचून पेपर लिहिणाऱ्या पोरांना तीस वर्षं मी बाकावर उभं केलं.

मला असा राग आला की काय सांगू! माझा, त्या पुस्तकाचा, समोरच्या प्रोफेसरांचा, त्या कडुनिंबाच्या काडीचा. आणि तिचाही आला, हो. सात पुडे! दार न वाजवता मी तिच्या खोलीत घुसले. शाळेत जपलेली शुद्ध मराठी उंबऱ्याबाहेरच राहिली.

"काय वं पोरी, पोटात लेकरू अन् बिस्किटं खाऊन राहिली? भूक लागली त सांगता येत नाही? तोंड नाही का तुले? सात दिवसांपासून नुसतं नको, नको! काहून? मी काय मेली का? ऊठ! ऊठ पहिले!"

ती पलंगावर ताडकन उठून बसली. मी तिचं मनगट धरलं आणि तिला स्वयंपाकघरात ओट्याजवळच्या स्टुलावर बसवलं. लोणच्याच्या वाट्या धाडकन कपाटात ढकलल्या आणि मोठं ताट काढलं. तव्यावर भाकरी टाकली, भरीत गरम केलं, त्यावर लोणी, बाजूला कांदा. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड थांबत नव्हतं. तिला यातलं किती कळत होतं देव जाणे. दारात हे आणि मावशी उभे होते.

तिनं पहिली भाकरी संपवली. मी दुसरी टाकली.

"नको..." ती म्हणाली.

"चूप बस अन् खा."

तिनं खाल्ली. तिसरी टाकली, तेव्हा ती नको म्हणाली नाही, अर्धी भाकरी झाल्यावर तिनं स्वतःच भरिताची कढई पुढे ओढली. मान वर न करता जेवत होती. माझा राग उतरला आणि मग मला भीती वाटली. मी तिला ओढत आणलं होतं, ओरडले होते, हात लावला होता. पुस्तकातली एकही गोष्ट मोडायची ठेवली नव्हती. आता ही आजच विमानात बसते की काय!

ती बोटं चाटत बोलायला लागली, थोडं मराठी, थोडं इंग्रजी, शोधत शोधत.

"माझी आई अशीच ओरडायची. मी जेवले नाही की अशीच." मग तिनं ताटातलं लोणी बोटानं निपटलं. "आई, मी आले त्या दिवसापासून तुम्ही मला विचारता. आणखी घेतेस का? बसतेस का? झोपतेस का? इतकं छान विचारता. मला वाटलं, मी पाहुणी आहे. माझ्या आईनं मला कधी विचारलं नाही. ती वाढायची."

मी तिच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. मागून ह्यांनी जोरात नाक शिंकरलं, मग कोपऱ्यातली बशी काढली, तिच्यात चहा ओतला आणि सात दिवसांचा सगळा फुर्रर्र एकदम वसूल केला. ती दचकली आणि मोठ्यानं हसली. तिचं हसणं मी तोवर ऐकलंच नव्हतं.

दुपारी मी तिच्या डोक्याला तेल लावलं. बाळंतपणाचा विषय मी काढला नाही. पुस्तकामुळे नाही, मला उत्तराची भीती वाटत होती म्हणून. तिकडे हॉस्पिटल ठरलेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. एका जेवणानं काय होणार, असं मी मनाला बजावत होते. तेल लावता लावता मला जरा डुलकी लागली असावी.

जाग आली ती कपाटाच्या आवाजानं. सून माझ्या लोखंडी कपाटासमोर उभी होती. तिच्या हातात कापडात बांधलेलं एक गाठोडं होतं. तिनं ते पलंगावर सोडलं, आतली घडी नीट केली आणि पुन्हा बांधलं. पांढरी लोकरीची टोपडी, दोन इवले स्वेटर, कडेला जरा पिवळे पडलेले. तिच्या आईनं तिच्या जन्माच्या वेळी तिच्यासाठी विणलेले, हे मला नंतर कळलं. ते तिनं इतक्या लांबून सोबत आणले होते, आणि सात दिवस बॅगेतच ठेवले होते.

तिनं माझ्या साड्यांचा गठ्ठा दोन्ही हातांनी डावीकडे सरकवला, मधल्या कप्प्यात जागा केली, गाठोडं आत ठेवलं आणि कपाट लावून घेतलं. मला विचारलं नाही.